उलट बोलणारी मुलगी

मी पुस्तक इतक्या जोरात आपटलं, की वाचनालयात समोर बसलेल्या तरुणाची दौत लवंडली.

"काय केलं हो पुस्तकानं तुमचं?" शाई टिपत त्यानं विचारलं.

"हा इंग्रज लेखक मेलाय म्हणून वाचला! म्हणतो, गरिबाला जेवू घालू नका, उपाशी राहायची चांगली सवय मोडते!"

तो हसला. आधी डोळे, मग ओठ. "रागावूनच लिवलंय की त्यानं. नुसतं तोंड सरळ ठेवलंय. जे पटत न्हाई त्याचंच एवढं कौतुक करायचं, की ऐकणाऱ्याची मान खाली जावी."

मी पान पुन्हा वाचलं आणि… कळलं! कान तापले माझे. सगळा दोष पानाचा नव्हता.

त्याचं नाव शिवयोगी. इंग्रजीच्या शिकवण्या करायचा. अक्कलकोटच्या स्थळाला इंग्रजी वाचणारी सून हवी होती, म्हणून माझ्या वडिलांनी, अप्पांनी, माझं इंग्रजी पक्कं करायला त्यालाच ठेवलं. त्या १९३१ साली ती नवी फॅशनच होती. आमच्या दोघांच्या मधोमध माझी आई, अव्वा, ज्वारी निवडत बसायची.

"मास्तर, सदरा काय झकास! चुरगाळायला किती वेळ लागला?"

"तुमच्यासारखी गुणी शिष्या मिळाल्यावर इस्त्रीची शुद्ध कुणाला?"

"हे खरं, की थट्टा?"

"तुमीच वळखा की…"

मला ओळखता येईना, आणि पुन्हा विचारायचा धीर होईना. मन मात्र केव्हाच त्याच्याकडे गेलं होतं.

चार महिन्यांनी पाहुणे आले. मला कॉलेजात जायचं होतं. या माणसांनी होकार दिला, की शिक्षण संपलं आणि शिवयोगीही संपला. माझं इंग्रजी ऐकवायला अप्पांनी त्यालाही बोलावलं होतं. वाचून झालं, तसं मुलाच्या वडिलांनी, ईरप्पांनी विचारलं, "फुडं शिकायचं म्हणती का पोरगी?"

मी तोंड सरळ ठेवलं. "छे छे! शिकलेली बाई विचार करते, आणि विचार केला की भाकरी करपते. विचार पुरुषांनी करावा, बायकांनी मान हलवावी. मान हलवायला डोकं कशाला लागतं?"

आता यांची मान खाली जाईल, म्हणून मी वाट पाहत राहिले. ईरप्पांचे डोळे भरून आले!

"वा! संस्कार म्हंजे हे! साखर आणा, आत्ताच तोंड गोड करू!"

एवढ्यात शिवयोगी फसकन हसला. उपरणं तोंडात कोंबलं, तरी हसू आवरेना.

"मास्तर!" अप्पा ओरडले. "हसायला काय झालं?"

"मालक, पोरगी पावण्यांची सालटी काढतीया, अन् पावणे साखर मागतायत!"

साखरेची वाटी घेऊन आलेली अव्वा दारातच थबकली. मी उठून उभी राहिले.

"आता सरळच सांगते. हे लग्न मी करणार नाही. मी शिकणार. आणि लग्न करीन ते… माझं बोलणं ज्याला कळतं, त्याच्याशीच." आणि मी शिवयोगीकडे पाहिलं. सगळ्यांसमोर, पुरतं पाहिलं.

अप्पांचा चेहरा उतरला. फार आशेनं त्यांनी विचारलं, "काशम्मा, ही पण थट्टाच न्हवं?"

"न्हाई अप्पा. हे खरं हाय."

शिवयोगी उठला. पाहुण्यांच्या रांगेतून सरळ चालत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

"माझंबी खरं हाय," तो म्हणाला.