बदामची अठ्ठी

नरहरी राऊतचं प्रेत पहिल्यांदा त्याच्या बायकोने पाहिलं.

विमला शेजारच्या भागूबाईबरोबर सोपाऱ्याच्या बाजारातून परतली तेव्हा ओटीवर कोणी नव्हतं. झोपाळ्यासमोरच्या चौरंगावर पत्त्यांचे दोन गठ्ठे होते. ओटीची दगडी पायरी ओली होती. विमलाने हाक मारली. उत्तर आलं नाही, तशी ती केळीतून मागे बावखलाकडे गेली. वाडीच्या शिंपण्यासाठी खणलेलं ते तळं. काठाजवळच्या पाण्यात नवऱ्याचा पांढरा सदरा फुगून वर आलेला तिला दिसला.

तिची किंकाळी ऐकून पलीकडच्या वाडीतून नरहरीचा चुलतभाऊ दयाराम धावत आला. अंगावरच्या कपड्यांनिशी तो कमरभर पाण्यात उतरला आणि त्याने नरहरीला काठावर ओढलं.

फौजदार किणी जीप घेऊन पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. सगळ्यांच्या तोंडी एकच होतं. पोरगा गेला, त्या दुःखाने बापानेही जीव दिला. नरहरीचा अकरा वर्षांचा रामू गेल्या पावसाळ्यानंतर वारला होता. पहाटे फुलांची टोपली घेऊन स्टेशनला निघालेल्या पोराला कुठल्याशा गाडीने उडवलं. गाडी सापडलीच नाही.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी किणींना बाजूला घेतलं. "डोक्याला मागून मार आहे. पण मेला तो बुडून. पाण्यात गेला तेव्हा श्वास चालू होता."

"पाय घसरून डोकं आपटलं असेल?"

"असेलही. मार कशाने बसला ते मला सांगता येणार नाही."

किणी परत वाडीत आले. विमला भिंतीला टेकून बसली होती.

"बाई, पायरी तुम्ही धुतली होती?"

"नाही. मी तर घरातच नव्हते."

"हे पत्ते?"

"त्यांचे. रामू गेल्यावर मी अशीच बसून असायची. माझं लक्ष घटकाभर दुसरीकडे लागावं म्हणून ते जादू शिकायला लागले. गास गावच्या रोझलिनबाईंकडे जायचे. एकच खेळ जमायचा, तोच रोज दाखवायचे. मला त्यातली गोम कधीच कळली होती. तरी मी रोज 'हे कसं हो ओळखलंत' म्हणायची."

तिने पदर तोंडाला लावला.

"आणखी कोणाला दाखवायचे?"

"गल्लीत दाखवायला कोणी उरलं नव्हतं. एकदा सगळ्यांसमोर फसले. श्रीपतभाऊंनी गुपित ओरडून सांगितलं. सगळे हसले. त्यानंतर नवीन माणूस दिसला तरच पत्ते काढायचे."

"दयारामला?"

"भावजी येतच नव्हते. रामू गेला आणि त्यांनी येणं टाकलं. स्वतःचा टेम्पो पण विकून टाकला. म्हणाले, वहिनी, मला आता गाडी बघवत नाही."

शेजारच्या वाडीतल्या श्रीपतचा आणि नरहरीचा पंपाच्या पाण्यावरून वाद होता. गावाचं बोट त्याच्याकडे वळलेलं होतंच. किणींनी त्याला समोर उभं केलं.

"त्या दुपारी कुठे होतास?"

"वाडीत. पानवेलीला पानी देत होतो."

"कोणी पाहिलं?"

"कोन बघनार? एकटाच होतो."

"नरहरीशी भांडण होतं?"

"होतं. पान्यासाठी भांडलो, त्याचा जीव घ्यायला नाही. आनि त्याच्या ओटीवर मी जानार कशाला? त्या पत्त्यांवरून हसलो, तेव्हापासून तो माझं तोंड बघत नव्हता."

दयारामचा जबाब छोटा होता. "मी वर्षभर या ओटीवर पाय ठेवला नाही, साहेब. वहिनींची किंकाळी ऐकली आणि धावलो."

"पत्त्यांची जादू पाहिलीस कधी?"

"लोकांकडून ऐकलं. डोळ्यांनी कधी पाहिली नाही."

किणींनी पत्त्यांचे दोन गठ्ठे तसेच वेगवेगळे बांधून घेतले होते. ते घेऊन ते गासला गेले.

रोझलिनबाई साठीच्या पुढच्या. तरुणपणी एका फिरत्या जादूगाराच्या मंडळीत होत्या. नरहरीचं नाव निघताच त्यांनी कपाळाला हात लावून क्रूसाची खूण केली.

"केळीचे घड उचलणारे हात ते," त्या म्हणाल्या. "बोटं वळायची नाहीत. म्हणून त्याला हातचलाखी शिकवलीच नाही. सगळ्यात सोपा खेळ दिला. एका गठ्ठ्यात सम पत्ते, दुसऱ्यात विषम. समोरच्याने पहिल्यातला एक काढायचा, दुसऱ्यात घालायचा आणि स्वतःच पिसायचा. विषमात सम पत्ता एकटाच. शोधायला काय लागतं?"

त्यांनी पहिला गठ्ठा पसरला. दुर्री, चौकी, छक्की. सगळे सम. मग दुसरा. एक्का, सत्ती, नव्वी, पंजी. बाईंचा हात मध्येच थांबला.

विषम पत्त्यांत बदामची अठ्ठी होती.

"ही इथे कशी राहिली?"

"मांडताना चूक झाली असेल," किणी म्हणाले.

"नरहरीची? शक्य नाही. खेळ संपला की आधी पत्ता जागेवर, मग बाकीचं, हे मी त्याला घोकून घेतलं होतं. एकदा फसल्यावर तर तो दहादा तपासायचा. साहेब, हा खेळ अर्धाच राहिलाय."

किणींनी खुर्ची पुढे ओढली.

"बाई, मला शिकवा हा खेळ."

किणींच्या हातून पत्ते जमिनीवर सांडले. पुन्हा सांडले. तिसऱ्यांदा त्यांनी चुकीचा गठ्ठा पुढे केला. बाई हसल्या नाहीत. "पत्त्यांकडे बघू नका," त्या म्हणाल्या. "नवशिका तिथेच फसतो. समोरच्या माणसाकडे बघा."

दोन दिवसांनी सकाळी किणींनी नरहरीच्या ओटीवर सगळ्यांना बोलावलं. विमला, भागूबाई, श्रीपत, दयाराम. चौरंग मध्ये ठेवला. किणींनी त्यावर दोन गठ्ठे मांडले.

"मी एक खेळ शिकलोय. नीट येत नाही. हवालदार, तुम्ही या. यातला एक पत्ता काढा आणि बघा."

हवालदार तांडेल पुढे झाले. त्यांनी पत्ता काढला, पाहिला आणि त्याच गठ्ठ्यात परत सारायला लागले.

"थांबा. दुसऱ्यात घाला."

"दुसऱ्यात? बरं. आता?"

"पिसा."

"मीच पिसू?"

किणींनी पत्ता ओळखला. कोणी हसलं नाही. त्यांनी पत्ता जागेवर ठेवला आणि गठ्ठे पुन्हा मांडले.

"श्रीपत?"

"मला ठाऊक आहे तो खेळ, साहेब."

"मग दयाराम, तू ये. तू पाहिलेला नाहीस."

दयाराम चौरंगासमोर बसला. त्याने पहिल्या गठ्ठ्यातला पत्ता काढला, पाहिला. किणी गप्प राहिले. दयारामने पत्ता दुसऱ्या गठ्ठ्यात घातला, गठ्ठा उचलला आणि पिसायला सुरुवात केली.

"दयाराम," किणी हळूच म्हणाले, "दुसऱ्यात घालायला तुला कोणी सांगितलं?"

त्याचे हात थांबले.

"आता... हवालदारांनी केलं तसंच..."

"हवालदारांना मी सांगितलं, तेव्हा त्यांनी केलं. तू सांगायची वाट पाहिली नाहीस. पण एवढ्यावर मी कोणाला धरत नाही. सगळं ऐक. नरहरी मेला त्या दुपारी इथे कोणीतरी बसलं होतं. त्याने बदामची अठ्ठी काढली, विषमात घातली आणि खेळ तिथेच मोडला. विमलाबाई आणि भागूबाई बाजारात होत्या. गल्लीतल्या बाकी सगळ्यांना गोम माहीत. हसलेल्या श्रीपतसमोर नरहरी पत्ते कधीच मांडणार नाही. परका माणूस त्या दुपारी गल्लीत कोणी पाहिला नाही. म्हणजे खेळ न पाहिलेला, पण ओटीवर बसवून घेण्याइतका जवळचा माणूस. असा एकच आहे."

"मी त्याला बाहेर काढला, साहेब!"

"काढलास. कारण तुझे कपडे आधीच ओले होते. विमलाबाईंदेखत पाण्यात उतरलास की ओल्या कपड्यांचं कारण कोणी विचारणार नव्हतं. पायरी धुतलीस, ती मात्र वाळायला वेळ मिळाला नाही. आणि रामूला गाडीने उडवल्यावर तू टेम्पो विकलास. काल मी तो विकत घेणाऱ्याकडे मनोरला जाऊन आलो. विकण्याआधी पुढचा पत्रा ठोकून घेतलेला होता."

दयारामने गठ्ठा खाली ठेवला.

"दादानेच हाक मारली," तो म्हणाला. "कुंपणावरून. म्हणाला, रामूचं वर्षश्राद्ध जवळ आलं, आता तरी ये. बस, तुला गंमत दाखवतो. मी पत्ता काढला, घातला, पिसला. आणि तो म्हणाला, रामूचं तुला आमच्याइतकंच लागलं रे. मला ते ऐकवेना. तोंडातून निघून गेलं, दादा, तो टेम्पो माझा होता."

"मग?"

"ओरडला नाही. उठला. चौकीवर जातो म्हणाला. मी धरला, त्याने हिसका दिला, मी ढकलला. पायरीवर डोकं आपटलं. श्वास होता, ते कळलं मला. शुद्धीवर आला तर सांगेल, म्हणून..."

त्याने मागे बावखलाकडे नुसती मान वळवली. भागूबाई मोठ्याने रडू लागली. तांडेलांनी बेडी काढली.

विमला उठली. दयारामच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"रामू जागच्या जागी गेला का?"

दयाराम बेडीकडे बघत राहिला.

"भावजी, मी विचारते."

"नाही," तो म्हणाला. "मी खाली उतरलो तेव्हा त्याने मला ओळखलं. काका, पानी द्या, म्हणाला."

"दिलंत?"

दयारामने मान खाली घातली.

तांडेल त्याला जीपकडे घेऊन गेले. विमला तिथेच उभी होती. भागूबाईने धरायला पुढे केलेला हात तिने बाजूला सारला, अंगणातून चालत जीपपर्यंत गेली आणि गजांपाशी वाकून म्हणाली,

"वर बघा. माझ्या तोंडाकडे बघा."

जीप सुरू झाली तरी दयारामला मान वर करता आली नाही.