नमुन्याची आजी

लिफ्ट बंद होती म्हणून, नाहीतर त्यांची भेट झालीच नसती. ती आपल्याच तंद्रीत गुणगुणत ऑफिसचा जिना उतरत होती आणि खालून येणारा एक उंच तरुण मध्येच थबकला.

"डावा गुडघा जपा हं. म्हातारपणी त्रास देईल."

"ओळख ना पाळख… आणि थेट म्हातारपण?" ती फणकारली.

तो हसला. ते हसणं दिवसभर तिच्या मागे मागे फिरत राहिलं.

आणि दुपारच्या बैठकीत तोच समोर! फिजिओथेरपिस्ट, मुद्दाम सल्ल्यासाठी बोलावलेला. निवृत्तीनंतरच्या औषधपाण्यासाठी प्रत्येक नोकरदारानं किमान किती शिल्लक टाकायलाच हवी, हे ठरवणं तिचं काम. त्यासाठी तिनं नमुना म्हणून एक म्हातारी कल्पनेनं उभी केली होती. सगळे तिला आजी म्हणत. आजी तिसऱ्या मजल्यावर एकटीच राहायची.

दर बैठकीत त्याचे भलतेच प्रश्न.

"आजी गुणगुणते का?"

"त्याचा खर्चाशी काय संबंध?"

"गुणगुणणारी माणसं… छान दिसतात."

ती लाजून खिडकीबाहेर बघायची. पडद्यावरचं ऊन हलायचं आणि तिचे आकडे चुकायचे.

शेवटची बैठक आली. दूरच्या एका हॉस्पिटलनं त्याला कायमच्या नोकरीला बोलावलं होतं. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. सगळे उठून गेले, तो बसून राहिला.

"आजीचा सगळ्यात मोठा खर्च कोणता?"

"जिना उतरताना हात धरायला ठेवलेला माणूस."

"काढून टाका तो."

"मग हात कोण धरणार?"

"मी… धरला तर?"

म्हणजे आजी ही म्हातारपणीची तीच, हे या लबाडाला केव्हाच कळलं होतं! तिचा जीव सुपाएवढा झाला. पण आयुष्यभर एकटीचाच हिशेब केलेली ती, घाबरून कामाचंच बोलली.

"नियम सगळ्यांसाठी असतो. सगळ्यांच्या नशिबी असं कुणी नसतं. शिल्लक एका पैशानंही कमी करणार नाही मी."

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. चेहरा पडला होता. "मग… कळवतो मी तिकडे."

दार लोटलं गेलं. क्षणभर ती तशीच बसली आणि मग धावत सुटली. तो जिन्याच्या तोंडाशी होता.

"अहो, थांबा! शिल्लक तशीच राहील." तिला धाप लागली होती. "पण आजी… आजी एकटी राहायची नाही म्हणते."

तिनं हात पुढे केला. त्यानं तो धरला, अगदी सावकाश.

"डावा गुडघा जपून हं," तो म्हणाला.

लिफ्ट त्याच दिवशी दुरुस्त झाली होती. शेजारीच दार उघडून उभी होती. दोघं जिन्यानंच उतरले.