दांडे भिंतीकडे

मागच्या वर्षी चार दिवसांची रजा काढून मी आत्याकडे गेले होते. काम साधंच होतं, तिची भांडी लावून द्यायची.

चाळीस वर्षं तिनं लोकांचे कपडे शिवले, आणि मग काचबिंदूनं एकामागून एक दोन्ही डोळे नेले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. एका सकाळी भलतंच झाकण उकळत्या पातेल्यात पडलं, मनगट पोळलं, आणि शेजारणीनं मला फोन केला. मी इस्पितळाच्या औषधभांडारात आहे. वस्तू अशी ठेवायची की डोळे मिटून हात घातला तरी तीच यावी, हेच माझं रोजचं काम. तेव्हा जाणं मलाच भाग होतं.

पसारा असेल असं धरून मी ओट्याखालचं कपाट उघडलं. पसारा अजिबात नव्हता. मोठं पातेलं खाली, त्यावर मधलं, त्यावर लहान. झाकणं उभी, उतरत्या क्रमानं. फक्त तव्यांचे आणि दांड्याच्या पातेल्यांचे सगळे दांडे भिंतीकडे होते. तवा काढायचा तर खांद्यापर्यंत हात आत घालावा लागत होता.

"आत्या, हे असं उलटं का लावलंस?"

"मी कुठे लावते गं," ती म्हणाली. "आंधळ्याच्या गाई देव राखतो म्हणतात. भांडी कोण राखतं ते काही ठाऊक नाही."

मी हसले. सगळं बाहेर काढलं, घासलं, प्रत्येक पातेल्याला त्याचं झाकण लावून बघितलं. रोजची भांडी वरच्या कप्प्यात ठेवली, जड खाली. दांडे बाहेर. मग आत्याचा हात धरून तिला तीनदा सगळं चाचपायला लावलं. शिवणाऱ्या बाईची बोटं, लगेच शिकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दांडे भिंतीकडे होते.

आत्या विसरली असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पुन्हा सगळं फिरवलं. फिरवताना उगाच भांडारातला नियम आठवला: लेबल नेहमी उचलणाऱ्याच्या बाजूला. दांड्याचंही तसंच. तो विचार मी तिथेच सोडला.

जेवणं झाली. बाहेरच्या खोलीत आत्या पलंगावर, मी खाली चटईवर. उन्हाचा पट्टा फरशीवर सरकत होता. शिवणयंत्राच्या जुन्या तेलाचा वास त्या खोलीतून अजून गेला नव्हता.

स्वयंपाकघरात झाकण वाजलं.

पडल्यासारखं नाही. कुणीतरी एक झाकण दुसऱ्याला टेकवावं, आवाज होऊ नये म्हणून जपून, तसं. मग दुसरं. मग तिसरं...

मी आत्याकडे बघितलं. तिची मान तिकडेच वळलेली होती. चेहरा शांत.

"दुपारी येते ती," आत्या हलक्या आवाजात म्हणाली. "दोन महिने झाले."

"कोण?"

"मला वाटायचं शेजारीण. तिच्याकडे किल्ली असते ना. बोलत नव्हती, पण ती तशीही घुमीच. मी कपाटात हात घातला की हवं ते भांडं हातात यायचं. शोधावं लागायचं नाही." आत्यानं मनगटावरचा डाग चाचपला. "पोळलं त्या दिवशी शेजारीण मलम लावत होती. तिला म्हटलं, तुझ्या दुपारच्या मदतीची सवय लागली मला. ती म्हणाली, आत्या, मी संध्याकाळी सातपर्यंत कामावर असते."

"मग तू विचारलं नाहीस... कोण आहे म्हणून?"

"विचारलं असतं, आणि उत्तर आलं असतं तर?"

मी उठले. आत्यानं माझा दंड धरला, मग सोडला.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. कपाटाचं दार बंद होतं. उघडलं. आत गारवा होता, आणि सगळे दांडे भिंतीकडे. मी वाकून तव्याची कड पकडली आणि ओढला. तो आला नाही. कशात अडकल्यासारखंही वाटलं नाही. दुसऱ्या टोकाला कुणी धरलंय, इतकंच. मी तशीच थांबले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग तवा सुटला आणि हलकेच माझ्याकडे आला.

तिसऱ्या दिवशी सुताराला बोलावलं. त्यानं पाठीमागची फळी काढली. मागे गिलावा. त्यानं ठोकून बघितलं, भरीव होता. त्या भिंतीपलीकडे मोकळी हवा आणि खाली रस्ता.

"उंदीर वगैरे म्हणाल तर बोटभरही फट नाही, ताई," तो म्हणाला, आणि फळी परत ठोकून गेला.

मी आत्याला सांगितलं, तू माझ्याकडे चल. ती लगेच हो म्हणेल असं मला वाटलं होतं.

"तू वर्षातून एकदा येतेस, ठमे," ती म्हणाली. रागानं नाही. "ती रोज येते."

मी तिची पिशवी भरत राहिले. पिशवी भरत आली तेव्हा तीच म्हणाली, "बरं. पण निघण्याआधी मला जरा आत जाऊन येऊ दे. एकटीला."

चौथ्या दिवशी ती आत गेली. मी दाराबाहेर उभी राहिले. बोलण्याचा आवाज आला नाही. बाहेर आली तेव्हा तिचा एक हात पदराखाली होता. बसमध्ये बसल्यावर तिनं तो माझ्यापुढे धरला. हातात एक झाकण होतं, वीतभर रुंद, जाड काठाचं.

त्या घरातलं प्रत्येक झाकण मी स्वतः लावून बघितलं होतं. हे त्यांतलं नव्हतं.

"याचं पातेलं कुठाय?"

"तिच्याकडे असेल," आत्या म्हणाली, आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

आता आत्या माझ्याकडेच असते. भांडी मी तिच्या हातात देते. मी कामावर असते तेव्हा ती माझी वाट बघते. तक्रार करत नाही. ते झाकण फळीवर एका बाजूला ठेवलंय, टाकू देत नाही ती. माझ्या कुठल्याच पातेल्यावर ते बसत नाही.

दुपारी उचललं तर कोमट असतं, आणि आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरलेले असतात.