बत्तीसचा स्विच

हैदराबादच्या कोठी भागातल्या विजेच्या दुकानात मी इलेक्ट्रिक कुकरसाठी सोळा अँपिअरचा स्विच मागितला, तर काउंटरवरच्या माणसाने तो द्यायलाच नकार दिला.

"कुकर कित्ते वॅट का है?"

"चार शेगड्या, नीचे ओव्हन," मी मोडक्या हिंदीत सांगितलं आणि मराठीत पुटपुटले, "भलताच आगाऊ दिसतोय."

"आगाऊ नाही, प्रबुद्ध नाव माझं," तो मराठीत म्हणाला. "कुकरच्या मागच्या पट्टीवर वॅट लिहिलेले असतात. बघून या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नांदेडहून बदली होऊन जेमतेम महिना झालेला, कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये मराठी बोलायला कुणी नाही. पट्टीचा फोटो पाठवता आला असता, तरी दुसऱ्या दिवशी मी स्वतःच गेले. नटून-थटून... खोटं कशाला बोलू!

"सहा हजार वॅट," त्याने फोटो मोठा केला. "म्हणजे सव्वीस अँपिअर. सोळाचा नक्को, तापून जळेल. बत्तीसचा घ्या आणि बोर्डापासून वेगळी जाड वायर."

"एकटीचा स्वयंपाक! सगळ्या शेगड्या एकदम कशाला लावू मी?"

"आज एकट्या आहात. स्विच वीस वर्षांसाठी घ्यायचा असतो, मॅडम."

माझे कान गरम झाले. तेवढ्यात तो सहज म्हणाला, "परसों लग्न ठरलं माझं, तेव्हा मीपण घरी बत्तीसचाच बसवला."

परवा! मी "बरं" एवढंच म्हटलं, रविवारी स्विच बसवायला यावं म्हणून फ्लॅटचा पत्ता लिहून दिला आणि निघाले.

पुढचे चार दिवस वाईट गेले. दुसरीच्या होणाऱ्या नवऱ्याची इतकी आठवण यावी, याची लाज वाटायची, पण यायची. 'मॅडम' म्हणताना तो मान किंचित कलती करायचा, ते आठवलं की हातातला घास हातातच राहायचा. दोनदा कोठीच्या बसथांब्यापर्यंत गेले आणि परत फिरले.

रविवारी सकाळी तो आला. मेन बंद केलं, वायर ओढली, स्विच बसवला. मला राहवेना.

"होणाऱ्या बायकोला... आवडला का हो तुमचा स्विच?"

"कुणाच्या बायकोला?"

"तुम्हीच म्हणालात ना, परवा लग्न ठरलं म्हणून!"

तो आधी गोंधळला, मग हसत स्टुलावरच बसला. "अहो, परसों म्हटलं मी! सहा वर्षं झाली त्याला, मोडलंसुद्धा ते. आम्ही हैदराबादवाले गेलेल्या कुठल्याही दिवसाला परसोंच म्हणतो."

"मग मी चार दिवस कशाला रडले?" — माझ्या तोंडून निघून गेलं.

त्याचं हसू थांबलं. स्क्रूड्रायव्हर त्याने हळूच खाली ठेवला.

"तुम्ही... रडलात?"

"हो. आवडता तुम्ही मला."

त्याने उठून हात पुसले. मग खिशातून फोन काढला.

"आई, जेवायला थांबू नको... नाही, इथंच जेवतो... हौ, मराठीच आहे..." तो माझ्याकडे वळला आणि कानापर्यंत लाल झाला. "थांब, नाव विचारतो."