जोडीदाराची गाठ

तेलविहिरीवर एक पद्धत होती. मानेवरचं फडकं आपलं आपण भिजवायचं नाही. जोडीदाराने भिजवायचं, पिळायचं आणि गाठ मारून द्यायची. आपल्याला बाधलेलं ऊन आपल्याला कळत नाही, ते दुसऱ्यालाच दिसतं. "लग्नाची गाठ एक वेळ सैल पडली तर चालेल, ही नको," असं म्हणून कामगार हसत.

दोघा भावांपैकी धाकटा मागच्या उन्हाळ्यात इथेच ऊन लागून गेला. त्या दिवशी जोडीदार सुट्टीवर होता. "मला काय धाड भरलीय!" म्हणत धाकट्याने फडकं स्वतःच भिजवलं. दुपारी पाइप जोडता जोडता तो थंडी वाजतेय म्हणू लागला. सगळ्यांना थट्टा वाटली.

आता त्याच्या जागी थोरला उभा राही. घरी बायको आणि विधवा भावजय, दोघींना त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. निघताना भावजय रोज म्हणे, "भाऊजी, तुम्ही तरी परत या." त्याला गलबलून येई.

त्या दुपारी त्याच्या जोडीदाराला चक्कर आली, म्हणून मुकादमाने त्याला सावलीत धाडलं. थोरला एकटा राहिला. लोखंडाचे चटके हातमोज्यातूनही बसत होते. मानेवरचं फडकं केव्हाच वाळलं होतं.

मागून कुणीतरी ते काढून घेतलं. पिळल्याचा आवाज आला. मग गारेगार कापड मानेवर पडलं आणि डाव्या कानाखाली गाठ बसली.

धाकटा डावखुरा होता. तो गाठ तिथेच मारायचा.

थोरल्याने वळून पाहिलं नाही. पाहिलं तर तो निघून जाईल, एवढंच त्याला वाटलं. डोळे भरून आले.

"दादा, बरं वाटतंय?"

"हो रे. जरा थंडी वाजतेय."

स्वतःचेच शब्द ऐकून तो चरकला. हातातला पाना टाकून त्याने मुकादमाला जीव खाऊन हाक मारली.

मुकादमाने त्याला सावलीत ओढलं, अंगावर बर्फ ओतला. "केवढा भाजतोयस! आणि हे फडकं तर कोरडं ठणठणीत!" गाठ सुटेना, म्हणून त्याने फडकं डोक्यावरूनच काढलं.

थोरला ते फडकं घेऊन घरी परतला. भावजयीने गाठ पाहिली आणि ती न सोडता फडकं तसंच दोरीवर टाकलं.

दुसऱ्या दिवशी भर उन्हात बाकीचे कपडे कडकडीत वाळले. फडक्यातून मात्र पाणी ठिबकत होतं, आणि भावजय खाली ओंजळ धरून उभी होती.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "ह्यांच्या घामाचा वास येतोय."