चौकटीतली चौकट

"रविवारी इथे कुणी फिरकलंच नाही म्हणे. मग माझा द्रव नायट्रोजन काय भुतानं प्यायला? शुक्रवारी काठोकाठ होता." प्रयोगशाळेतले मदतनीस काका टाकीवर वाकून पुटपुटत होते, पण चौकशीला आलेल्या बाईंच्या कानापर्यंत पोचेल इतपत मोठ्यानं.

शुक्रवारी संध्याकाळी भट्टीतून ग्राफीनचा पापुद्रा निघाला होता. कार्बनच्या अणूंचा एकच थर, निर्दोष. सोमवारी बघतात तर चाळणी. प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांनी ठपका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक चालवणाऱ्या ताईवर ठेवला. हाताळताना निष्काळजीपणा झाला म्हणे. दुपारपर्यंत कबुलीवर सही केली तर बदली, नाहीतर बडतर्फी.

"सही का करत नाही? बदलीवर सुटाल," बाई म्हणाल्या.

"सुटायचं कशाला? मी अडकलेच नाहीये."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी चहाबरोबर गिळलं. "दाखवा बरं."

पडद्यावर पापुद्रा आला. डावीकडे मुडपलेली कड, थेट चिमणीची चोच. शेजारी भोकांनी भरलेली चौकट, आणि तिच्या पोटात आणखी छोटी, जास्तच विरलेली चौकट.

"हात लागला की असं होतं?"

"हात लागला तर फाटेल, डाग पडेल. काटकोन कसे पडतील?"

"मग?"

"इलेक्ट्रॉनची शलाका. ऐंशी हजार व्होल्टला पापुद्रा टिकतो. दोन लाखांवर नेलं तर चित्र लख्ख येतं, पण गोटीनं गोटी उडवावी तसे अणूच उडतात."

"आणि ही आतली?"

"चित्र घेण्याआधी ते नीट स्पष्ट करून घ्यायची जागा. शलाका तिथं घोटाळत राहते. म्हणून मी ती बाजूच्या टाकाऊ तुकड्यावर ठेवते. पापुद्र्यावर कधीच नाही."

"हे न पाळणारं इथे कोण आहे?"

ताईनं साहेबांच्या दाराकडे एकदा पाहिलं. काकांनी टाकीचं झाकण उगाच पुन्हा आवळलं.

साहेबांच्या खोलीत भिंतीवर अणूंच्या जाळीचं चित्र टांगलं होतं, मधाच्या पोळ्यासारखं रेखीव. फ्रेमच्या गोंदाचा वास अजून गेला नव्हता.

"सुरेख आहे. कधीचं?" बाईंनी विचारलं.

"जुनंच. गुरुवारी पाहुणे येताहेत, म्हणून लावलं."

बाईंनी चष्मा चढवला. ताईला आणि काकांना आत बोलावलं.

"यंत्र प्रत्येक चित्राखाली व्होल्टेज आणि तारीख छापतं. इथली ती पट्टी कापलीय. पण डावीकडची चोच कापायची राहिली. हा पापुद्रा शुक्रवारी संध्याकाळी जन्मला, साहेब. त्याचं चित्र जुनं कसं? रविवारी कुणीतरी यंत्र दोन लाखांवर नेलं, छोटी चौकट थेट पापुद्र्यावर ठेवली, लख्ख चित्र घेतलं आणि व्होल्टेज गुपचूप खाली आणलं. यंत्र चालवताना ते गार ठेवायला नायट्रोजन लागतो, तो तिथं गेला. ताई तसं करती तर तिच्या सवयीनं आतली चौकट तिथं उमटलीच नसती."

साहेब खुर्चीत रेलले. "चित्र मला कुणीही आणून दिलं असेल. शलाकेवर नाव नसतं, बाई."

"नसतं. बघणारा लागतो."

ताईनं कबुलीचा बिनसहीचा कागद चार घड्या करून टेबलावर ठेवला. काकांकडे तिनं मुद्दामच पाहिलं नाही.

"काका," साहेब अगदी मायेनं म्हणाले, "निवृत्तीला दोनच महिने राहिलेत ना तुमचे?"

काकांनी जाड हातमोजे काढले, एकावर एक नीट ठेवले.

"हो. तेवढे ताठ मानेनं काढीन म्हणतो," ते म्हणाले. "रविवारी दार मीच उघडलं होतं, साहेब. यंत्रावर तुम्हीच बसला होतात."