इंजिन थंड, काटा लालवर

ही गोष्ट ज्याला खोटी वाटेल त्याने खुशाल खोटी समजावी. मला ती ज्याने सांगितली तो माझा मावसभाऊ आहे आणि थापा मारणं त्याला लहानपणापासून जमत नाही. मारायला गेला की त्याचे कान लाल होतात.

आम्ही त्याला धाकटा म्हणतो. त्याचा सख्खा मोठा भाऊ तो थोरला.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे रात्र नव्हती. मागच्या उन्हाळ्यातला रविवार, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. जागा म्हणजे धाकट्याच्या इमारतीखालचं पार्किंग.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या यंत्रांवर संशय घ्यायचा, हेच त्याचं पोटापाण्याचं काम. थोरल्याचं गॅरेज आहे. तापणाऱ्या गाड्यांच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. वडील गेल्यावर थोरल्यानेच धाकट्याला शिकवलं, त्याचं लग्न लावून दिलं. त्यामुळे थोरला जेव्हा म्हणाला, "ही गाडी घे, तुझ्यासाठी ठेवलीय," तेव्हा धाकट्याने बॉनेटसुद्धा उघडून पाहिलं नाही.

दादाने दिलेली गाडी. तपासायची कशाला?

त्याची मुलगी रोज त्याच गाडीतून शाळेत जाऊ लागली. मागच्या सीटवर बसून, पाय हलवत.

गाडीला दोन खोडी होत्या. सकाळी सुरू व्हायला कुरकुरायची. आणि चावी फिरवली रे फिरवली की रेडिएटरचा फॅन जोरात सुटायचा, इंजिन गार असलं तरी. धाकट्याने दोनदा विचारलं.

"फॅन चालू राहिलेला बरा. तू नको डोकं लावू," थोरला म्हणाला.

धाकट्याने नाही लावलं.

त्या रविवारी मात्र त्याच्या हातात नवीन खेळणं होतं. डॅशबोर्डखाली खोचायचा एक छोटा स्कॅनर. इंजिनातल्या पाण्याचं तापमान मोबाईलवर दाखवतो. सकाळी त्याने तो लावला तेव्हा गाडी रात्रभर उभी होती.

आकडा आला चौऱ्याऐंशी.

तो वीस मिनिटं फिरून आला. चौऱ्याऐंशी. एसी लावून चढण चढून आला. चौऱ्याऐंशी.

लिफ्टवाल्याला एवढं नक्की कळतं. जो आकडा हलतच नाही, तो आकडा खोटा असतो.

त्याने बॉनेट उघडलं. तापमान सांगणाऱ्या सेन्सरची वायर कापलेली होती. सेन्सर नुसता शोभेला. वायरीच्या टोकांना एक बारीकसा रेझिस्टर जोडून वर काळी टेप गुंडाळली होती. म्हणजे पाणी गार असो की उकळत असो, काटा कायम मधोमध. अशा आकड्यावर फॅन कधी सुटलाच नसता, म्हणून तो थेट चावीवर जोडून टाकलेला.

हे कोणीतरी मुद्दाम केलं होतं.

कोणी, ते टेपने सांगितलं. थोरला टेप गुंडाळून झाली की शेवटचं टोक दुमडून ठेवतो. पुढच्या माणसाला नखाने उकलता यावं म्हणून. ही त्याची एकट्याची सवय, आणि गॅरेजमध्ये तिच्यावरून त्याची थट्टा चालते.

ते दुमडलेलं टोक धाकट्याच्या बोटाला लागलं. त्याला भीती नाही वाटली, वाईट वाटलं. दादाचं काहीतरी कारण असेल, अशी त्याने स्वतःचीच समजूत घातली.

त्याने नवा सेन्सर आणून बसवला. सेन्सरच्या आणि फॅनच्या वायरी कंपनीतून आल्या तशा पुन्हा जोडल्या. इंजिन सुरू करून बघितलं. साठ, चौऱ्याऐंशी, शहाण्णव... फॅन सुटला. एक्क्याण्णववर आला आणि थांबला. सगळं जिथल्या तिथे. अकराच्या आतच गाडी बंद करून तो वर गेला, जेवला.

दोन वाजून दहा मिनिटांनी तो सहज खाली आला. गार झालेल्या इंजिनाचा आकडा बघायचा होता. बॉनेट उघडून ठेवलं. इंजिन सुरू न करता चावी फक्त एक घर फिरवली.

एक्केचाळीस.

बरोबर होतं.

मग...

बेचाळीस. पन्नास. त्रेसष्ट.

तो उतरला आणि रेडिएटरच्या पाइपवर हात ठेवला. जेमतेम कोमट. मोबाईलवर एकोणऐंशी.

शहाण्णवला फॅन सुटला. एकशे चार. एकशे अकरा. डॅशबोर्डवरचा काटा लालवर जाऊन टेकला.

इंजिन बंद होतं.

त्याने चावी काढून घेतली... फॅन थांबला नाही.

त्याने फॅनचा फ्यूज उपटला. फ्यूज त्याच्या तळहातावर, आणि फॅन चालूच.

मग वास आला. रेडिएटरमध्ये उकळलेल्या कूलंटचा, गोडसर. धूर नाही, वाफ नाही. नुसता वास.

आणि उघड्या बॉनेटच्या पलीकडून कोणीतरी विचारलं...

"उघडू का?"

म्हाताऱ्या माणसाचा आवाज. फार अदबीने विचारलेलं.

धाकटा बॉनेटला वळसा घालून गेला. कोणी नव्हतं. सगळं पार्किंग रिकामं होतं.

"फार तापलीय हो. उघडू का?"

आता आवाज त्याच्या कानाशी होता. आणि त्याच्या डोळ्यांदेखत रेडिएटरचं झाकण... हळूच... पाव वळसा फिरलं.

"नको," धाकट्याच्या तोंडून कसंबसं निघालं. "नको उघडू."

फॅन त्याच क्षणी थांबला. मोबाईलवर एक्केचाळीस.

तो तसाच, चप्पल न बदलता, थोरल्याच्या गॅरेजवर गेला. रविवार असून थोरला तिथेच होता. धाकट्याने टेपचा तुकडा त्याच्यासमोर बाकावर ठेवला.

थोरल्याने तो उचलून दुमडलेलं टोक नखाने उकललं.

"मास्तरांची गाडी ती," तो म्हणाला. "रिटायर झालेले. बारा वर्षांचं गिऱ्हाईक. फॅन जळला होता. मी दुसऱ्या गाडीची जुनी मोटर टाकली आणि नवीन आहे म्हणून सांगितलं. म्हटलं, चालेल."

"मग?"

"भर उन्हात रस्त्यात उकळली. मास्तरांनी मला फोन लावला. 'झाकण उघडू का?' विचारत होते. माझ्यापुढे दुसरं गिऱ्हाईक उभं होतं रे. मी नीट ऐकलंही नाही. हो म्हणालो. उघडा आणि पाणी ओता म्हणालो."

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं, हे गॅरेजमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात. मास्तर नऊ दिवस दवाखान्यात होते, दहाव्या दिवशी गेले. घरच्यांना ती गाडी डोळ्यांसमोर नको झाली, म्हणून ती परत थोरल्याकडे आली.

"इथे उभी असताना काटा आपोआप चढायचा," थोरला म्हणाला. "म्हणून बांधून टाकला."

"आणि मला दिलीस? दादा, माझी पोरगी बसते त्यात."

थोरला खाली बघत म्हणाला, "बाहेरच्याने तपासून घेतली असती. तू तपासणार नाहीस, माहीत होतं मला."

धाकटा मला म्हणाला, पार्किंगमध्ये नाही, खरा घाबरलो तो इथे. ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला, त्याने त्या झाकलेल्या डोळ्यांचाच उपयोग करून घेतला होता. धाकटा आल्या पावली घरी परतला. त्याच संध्याकाळी गाडी ओढून गॅरेजमध्ये नेऊन सोडली, चावी बाकावर ठेवली आणि पायी घरी आला.

मंगळवारी तो एका लिफ्टच्या मशीनरूममध्ये काम करत होता. फोन वाजला. स्क्रीनवर 'दादा'.

त्याने उचलला... मागे फॅनची घरघर.

"अरे, काटा लालवर गेलाय." आवाज थोरल्याचाच. "इंजिन बंद आहे. उघडू का?"

एकच शब्द बोलायचा होता. तो कोणता, हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं.

तो गप्प राहिला.

"उघडू का?" पुन्हा. शांतपणे, वाट बघत.

धाकटा गप्पच राहिला. मग फोन बंद झाला. हत्यारं तिथेच टाकून तो धावत सुटला.

थोरला गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून चहा पीत होता. धडधाकट. गाडी कोपऱ्यात, थंडगार, झाकण जागेवर.

"मी कुठे फोन केला?" थोरला म्हणाला. "मोबाईल सकाळपासून घरी विसरलोय."

घरी वहिनीला विचारलं. मोबाईल कपाटावर होता, बंद पडलेला. धाकट्याच्या फोनवर मात्र तो कॉल अजूनही दिसतो. अठ्ठेचाळीस सेकंद.

गाडी पुढे दोघांच्या समोर भंगारात मोडली. थोरला आजही ठणठणीत आहे. कधीमधी फोन करतो, कामापुरता. मंगळवारी काय झालं ते धाकट्याने बायकोलाही सांगितलेलं नाही, फक्त मला सांगितलं. ते अठ्ठेचाळीस सेकंद त्याने काय ऐकायची वाट बघितली, ते मी विचारलं नाही.

पण आता थोरल्याचा फोन आला की धाकटा आधी "नको" म्हणतो. मग बोलतो.

थोरल्याला वाटतं, धाकट्याचा राग अजून गेलेला नाही.